डावऱ्या हाताची वेणी

थांब थांब थांब! कौस्तुभ, ओतू नकोस! ती बाटली खाली ठेव आधी.

अरे, उरलं म्हणून ओतायचं? झाड आहे ते, बेसिन नाही. आणि हेमांगी, तू दात काढू नकोस. मागच्या वेळी तूच त्यात चहा ओतला होतास, मला कळलं नाही असं वाटतं का तुला? इकडे बघा दोघं. बोट दोन पेरं मातीत घालायचं. गार लागलं, माती चिकटली, की पाणी नाही म्हणजे नाही. बोट कोरडं आलं तर घालायचं, आणि मग मात्र भरपूर, बुडातून निथळेपर्यंत, आणि ताटलीत साचलेलं फेकून द्यायचं. एवढंच. एवढ्यावर हे झाड सहा वर्षं जगलंय.

हो, मनी ट्री. मनी प्लांट वेगळा, तो वेल. याला खोड असतं. लहान असताना पाच रोपं एकाच कुंडीत लावतात आणि त्यांच्या खोडांची वेणी घालतात. कोवळी असतात तोवर वळतात, मग तशीच वाढतात. पाच पेडांची वेणी.

मोज ना. चारच आहेत, माहितीये मला. मध्ये ती फट दिसतेय ना, तिथे पाचवा होता.

नाही गं, तुझ्या चहाने नाही मेला. बसा, सांगते. पण मध्ये तोडू नका मला, कारण हे मी अजून कुणालाच नीट सांगितलेलं नाहीये आणि एकदा थांबले की परत सुरू नाही व्हायची.

तर मी बावीस वर्षांची. ॲग्रीची डिग्री ताजी ताजी हातात, आणि नाशकात आहेर मॅडमच्या नर्सरीत लागले होते. मॅडम झाडं विकायच्या नाहीत, भाड्याने द्यायच्या. ऑफिसं, दवाखाने, हॉटेलं. आम्ही कुंड्या नेऊन ठेवायच्या आणि दर आठवड्याला जाऊन निगा राखायची. आम्ही म्हणजे मी आणि टेम्पो चालवणारे युनूसमामा. मामा दिवसभर बडीशेप चघळायचे आणि मला 'डॉक्टरीणबाई' म्हणायचे, का तर मी झाडांना हात लावायच्या आधी हात धुवायचे म्हणून.

मॅडमचा एकच नियम होता. गिऱ्हाइकाला आजारी झाड दिसता कामा नये. पानं पिवळी पडायला लागली, की लोक यायच्या आत सकाळी सकाळी जायचं, तेवढ्याच उंचीचं, तेवढंच डेरेदार दुसरं झाड त्याच कुंडीत बसवायचं आणि जुनं गुपचूप टेम्पोत घालायचं. आम्ही त्याला 'बदली' म्हणायचो, सरकारी नोकरासारखी. आणि कुणी विचारलंच तर? "तेच आहे म्हणायचं," मॅडम म्हणाल्या होत्या. "लोकांना काय हवं असतं अनघा, आपल्याकडे सगळं जगतं असं वाटायला हवं असतं. ते वाटू द्यायचं." माझ्या आधीच्या मुलीने एका दवाखान्यात खरं सांगून टाकलं होतं. म्हणून तर तिची जागा मला मिळाली होती.

मला काय, मला ते भारी वाटायचं! पहाटे उठून गुप्तहेरासारखं जायचं, झाड पळवायचं, आणि दहा वाजता ऑफिसातल्या बायका म्हणणार, "अगंबाई, काय टवटवीत झालंय!" मी आणि मामा टेम्पोत बसून हसायचो.

मंगळवारी आमची फेरी गंगापूर रोडच्या पुढे एका वृद्धाश्रमात असायची. निवांत नाव होतं त्याचं. खाली मोठा हॉल, टीव्ही, खुर्च्या, आणि कोपऱ्यात हेच झाड, मस्त पाच पेडांचं, माझ्या खांद्याएवढं. पहिल्याच मंगळवारी मी पानं पुसत होते आणि मागून आवाज आला, "खालून हात दे पानाला. वरनं चोळलंस तर देठ मोडंल."

वळून बघते तर वॉकर धरून एक आजी. हडकुळ्या, नाकात चमकी, आणि बोटं अशी लांब, सुपारी फोडायच्या अडकित्त्यासारखी चपळ. गायखे आजी. पंचवटीत देवळाबाहेर चाळीस वर्षं फुलांच्या वेण्या आणि गजरे विकलेल्या बाई. न्हाणीघरात पाय घसरला, खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आणि मुलाने त्यांना इथे आणून ठेवलं होतं. मुलगा दत्ता, वापीला कंपनीत.

"तीन महिने," आजी मला म्हणाल्या. "पाय चालाया लागला की घरी. तसं बोलणं झालंय आमचं. दारात जाईचा वेल आहे माझा, शेजारीण पाणी घालते, पण ती काय, आली तर आली."

तीन महिने म्हणजे किती दिवस राहिले ते त्या रोज मोजायच्या. मला आल्या आल्या सांगायच्या, "एकसष्ट राहिले गं." पुढच्या मंगळवारी "चोपन्न." एकदाही चुकल्या नाहीत. हे लक्षात ठेवा.

आणि झाडाजवळच बसायच्या कायम, टीव्हीकडे पाठ करून. त्यांना पानांशी काही घेणं नव्हतं. त्या ती वेणी बघायच्या. वेणीवरून बोट फिरवायच्या, वर, खाली, पुन्हा वर.

"ही कुणी घातली गं?"

"आजी, बाहेरच्या देशातून येतं ते. असेल कुणीतरी कामगार."

"उजव्या हाताचं माणूस आहे. हात हलका आहे पण. कुठं आवळलेलं नाही."

"उजव्या हाताचं कसं कळलं?"

"माझी जाऊ डावरी होती. आम्ही दोघी एकाच पाटीत वेण्या टाकायचो. सगळ्या मिसळल्या तरी मी तिच्या निवडून काढायचे, डोळं मिटून. डावरा माणूस पहिला पेड तिकडनं उचलतो. सगळी वीण उलटी पडते." आणि मग हसून, "तिच्या वेण्या आधी खपायच्या मेलीच्या."

मला तेव्हा हे नुसतं गोड वाटलं होतं. म्हणजे आजी लोक बोलतात तसं.

मग चौथ्या का पाचव्या मंगळवारी त्या मला म्हणाल्या, "पोरी, हा मधला पेड पोकळ लागतोय. दाबून बघ. आणि बुडाशी वास येतोय. पाटीत रात्रभर राहिलेल्या फुलांच्या पाण्याला येतो ना, तसा."

मी दाबलं. मला काही लागलं नाही. म्हणजे लागलं थोडंसं मऊ, पण मी डिग्रीवाली ना! मी म्हटलं, "आजी, त्याला उजेड कमी पडतोय, बाकी काही नाही." आणि कुंडी खिडकीकडे सरकवली, थोडं खत घातलं. खत! मुळं कुजायला लागलेल्या झाडाला खत! खाली वाकून बघायला हवं होतं मी. निवांतच्या पिंगळे सिस्टरना आमची प्लास्टिकची कुंडी आवडायची नाही, म्हणून त्यांनी ती पांढऱ्याशुभ्र चिनीमातीच्या कुंडीत बसवली होती. तिला बुडाला भोकच नव्हतं. जो तो येता-जाता पेलाभर पाणी घालायचा आणि ते सगळं आत साचत होतं. आजींना वास आला. मला नाही आला.

दोन आठवड्यांनी पानं गळायला लागली. मी मॅडमना फोटो पाठवला. उत्तर आलं, "मंगळवारी बदली कर."

मंगळवारी सकाळी साडेसहाला आम्ही पोचलो. सगळे वरच्या मजल्यावर प्रार्थनेला. दहा मिनिटांत काम फत्ते. तेवढीच उंची, पाच पेड, पानं अशी तकतकीत. आजारी झाड पोत्यात गुंडाळून टेम्पोत. मी हात झटकले आणि वरच्या मजल्यावरच्या कुंड्यांचं काम काढलं.

मला माहीत होतं, बरं का. आजींनी आठवडाभर आधी सांगितलं होतं, "मंगळवारी दत्ता येतोय. डॉक्टर बघणार, सिस्टर सांगणार, आणि मग ठरणार." त्यांचा तो दिवस होता. मला माहीत होतं, पण झाडाचा आणि त्याचा काही संबंध असेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही.

अकराच्या सुमाराला खालून आवाज चढलेला ऐकू आला. मी जिन्यावरून बघते तर आजी झाडासमोर उभ्या, वॉकर बाजूला पडलेला, आणि त्यांच्यासमोर एक पंचेचाळिशीचा माणूस, हातात हेल्मेट. आणि पिंगळे सिस्टर.

"बदललंय म्हणते ना मी! हे माझं झाड नाही!"

"आई, बस आधी खाली. पडशील."

"अरे, ही वेणी बघ की. ही डावऱ्या माणसानं घातलीय. काल उजवी होती, आज डावी झाली? मी येडी आहे का?"

सिस्टर दत्ताच्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सकाळपासून हेच चाललंय. नाश्ता नाही केला त्यांनी."

दत्ता काही वाईट माणूस नव्हता, खरंच सांगते. घामाघूम झाला होता बिचारा, वापीहून मोटारसायकलवर आला होता. तो हळूच म्हणाला, "मागच्या आठवड्यात फोनवर मला बाबांच्या नावाने हाक मारली हिने. तेव्हा मी म्हटलं, होतं असं. पण सिस्टर, घरी एकटी असणार ही. गॅस आहे, दाराची कडी आहे. आता झाडच बदललं म्हणते."

"डॉक्टरांनाही तेच वाटतंय," सिस्टर म्हणाल्या.

आणि मग आजींना मी दिसले. जिन्यावर. त्यांचा चेहरा असा उजळला ना! जत्रेत चुकलेल्या माणसाला आपलं कुणी दिसावं तसा.

"ही बघ! हिला विचार! हिला माहितीये. ये गं पोरी, सांग यांना."

मी खाली आले. तीन माणसं माझ्याकडे बघतायत. दत्ताने विचारलं, अगदी सरळ, "ताई, झाड बदललंय का तुम्ही?"

एक शब्द होता. 'हो' म्हणायचं होतं. हो दादा, सकाळी साडेसहाला बदललं, त्या बरोबर सांगतायत, त्यांच्याइतकं इथे कुणालाच कळत नाही. पण माझ्या डोळ्यांपुढे मॅडम. माझ्या आधी काढलेली ती मुलगी. आणि पिंगळे सिस्टर समोर, त्या लगेच फोन लावणार. हे सगळं एका क्षणात, आणि तोंडातून काय निघालं माहितीये?

"नाही. तेच आहे."

आजी बघतच राहिल्या.

आणि मी तिथे थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण मला वाटलं, त्यांना बरं वाटावं असं काहीतरी सांगावं. तर मी म्हटलं, "आजी, मी कुंडी वळवून ठेवलीय. सगळ्या बाजूंना उजेड मिळावा म्हणून आठवड्याला पाव फेरा वळवावी लागते. म्हणून तुम्हाला उलटं दिसतंय."

पाव फेरा वळवतात, ते खरंच आहे. म्हणून तर किती खरं वाटलं ते सगळ्यांना! दत्ताने सुस्कारा सोडला. सिस्टर हसल्या. "बघा आजी, वळवलंय नुसतं."

आजी म्हणाल्या, "वळवल्यावर वेणी उलटी होते होय गं?"

आणि मग ना, त्या माझ्याकडून झाडाकडे वळल्या. वेणीवर बोट ठेवलं. खालून वर नेलं. पुन्हा खाली आणलं. आणि मला दिसलं, अगदी दिसलं, की त्या आता झाड तपासत नव्हत्या. स्वतःलाच तपासत होत्या. मग बोट काढून घेतलं आणि म्हणाल्या, "असंल बाई. माझंच काहीतरी."

दत्ताने त्यांना धरून खुर्चीत बसवलं. "आई, अजून थोडे दिवस राहा. इथं बरं आहे." मी बादली उचलली आणि वर गेले. उरलेल्या कुंड्यांना पाणी घातलं. दोनदा घातलं बहुतेक.

टेम्पोत बसल्यावर मामांनी विचारलं, "काय झालं डॉक्टरीणबाई?" मी म्हटलं काही नाही. त्यांनी बडीशेपेची पुडी पुढे केली.

त्या संध्याकाळी नर्सरीत मी सगळी मनी ट्री बघितली. बारा होती. एकेकासमोर बसून, बोटाने, आजी करायच्या तसं. दहा एका दिशेने. दोन उलटी. मी नेमकं त्या उलट्यांतलं तिसरं उचलून नेलं होतं. आजी शंभर टक्के बरोबर होत्या, कौस्तुभ. तिथल्या पांढऱ्या कोटातल्या, डिग्रीवाल्या, सगळ्यांपेक्षा बरोबर.

मग मी ते आजारी झाड पोत्यातून काढलं. मॅडम म्हणाल्या टाकून दे, मी नाही टाकलं. माती झाडली तर मुळं काळी, बुळबुळीत, आणि तोच तो शिळ्या फुलांचा वास. मुळांच्या वर, मातीत गाडलेली, प्लास्टिकची पट्टी होती, वेणी सुटू नये म्हणून आवळलेली, कुणी काढलीच नव्हती. ती खोडात रुतली होती. कापली. कुजकी मुळं कापली. मधला पेड दाबला तर बोट आत गेलं. आजींनी सांगितलेला तोच पेड. तो ओढला तर सगळ्या वेणीतून अलगद निघून आला, आणि बाकीचे चार तसेच उभे राहिले, त्याची जागा तशीच ठेवून.

मी ठरवलं, हे झाड जगवायचं, आजींकडे न्यायचं आणि सगळं सांगायचं. पुरावा घेऊन जायचं ना! नुसतं कसं सांगायचं! म्हणजे काय, मी भीत होते, पण तेव्हा त्याला मी पुरावा म्हणत होते. रेतीच्या मातीत लावलं, सावलीत ठेवलं, दहा दहा दिवस थेंब घातला नाही. रोज बोट घालून बघायचे. दर मंगळवारी निवांतला जायचे आणि मनात म्हणायचे, अजून एक पान येऊ दे, मग सांगते.

आजी आता झाडाजवळ बसत नव्हत्या. टीव्हीसमोर बसायच्या, सगळ्यांबरोबर. मी विचारलं, "आजी, किती दिवस राहिले?" तर म्हणाल्या, "कशाचे गं?"

दुसऱ्या महिन्यात सिस्टर सहज बोलता बोलता म्हणाल्या, की दत्ताने पंचवटीतल्या खोल्या सोडल्या. जाईचा वेल नव्या लोकांनी काढून टाकला, स्कूटर लावायला जागा हवी होती.

तरी मी थांबले. पाच महिने. पाचव्या महिन्यात झाडाला नवी पानं फुटली, हाताच्या पंजासारखी उघडलेली, पोपटी. तेव्हा मी एका रविवारी युनूसमामांना म्हटलं, चला. मामांनी टेम्पो काढला.

दुपारचे चार वाजले असतील. आजी हॉलमध्ये होत्या. मी झाड त्यांच्यासमोर ठेवलं, खाली जमिनीवर बसले आणि एका दमात सगळं बोलले. बदली केली होती. हे तुमचं झाड. ते डावऱ्या हाताचं होतं, तुम्ही बरोबर होतात. पेड पोकळ होता तेही बरोबर. मी खोटं बोलले, दत्तादादांना पण सांगते, आत्ता फोन लावते. मी रडत होते, शब्द कुठल्या कुठे जात होते.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नको. बरं बरं."

"आजी, हे तुमचं झाड आहे. ओळखलंत ना?"

"हो."

"आणि ते कोपऱ्यातलं?"

त्यांनी तिकडे बघितलं. मग माझ्याकडे. "तेपण."

"नाही आजी! बघा ना, वेणी बघा. हात लावून बघा."

मी त्यांचा हात धरून वेणीवर ठेवला. आणि बोटं चालायला लागली, हो! पहिल्यासारखीच. खालून वर, एक वळसा, दुसरा वळसा, आणि त्या फटीशी येऊन थांबली. तिथे थांबलीच. बोटाला माहीत होतं तिथे काहीतरी असायला हवं होतं. म्हटलं आता म्हणतील. आता म्हणतील, अगं पेड गेला की.

त्या माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. परीक्षेत पोरं बघतात ना बाईंच्या चेहऱ्याकडे, उत्तर बरोबर आहे का ते. "तेच आहे ना गं? तू म्हणशील ते," त्या म्हणाल्या.

दत्तादादांना केला मी फोन, टेम्पोतून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, आता खोल्या दिल्या." आणि ठेवला. नोकरी मीच सोडली पुढच्या महिन्यात, हे झाड घेऊन. आजी त्यानंतर दोन वर्षं होत्या.

काय गं हेमांगी? त्यांनी ठेवून का नाही घेतलं?

मी म्हटलं होतं ना, ठेवते तुमच्याजवळ म्हणून. निघताना. त्यांनी शेजारच्या टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला, दोन्ही हातांनी, आणि मला विचारलं, "याला पाणी घालू?" मला पानं कशी पुसायची ते शिकवणारी बाई, मला विचारत होती.

मी म्हटलं, "आजी, तुम्हीच सांगा ना. तुम्हाला कळतं."

"नाही बाई. तू सांग."

मी बोट घालून बघितलं. माती ओली होती. मी म्हटलं, नको.

त्यांनी लगेच पेला खाली ठेवला, आणि हात मांडीवर घेऊन बसल्या.